खाणीच्या पाण्याची चड्डी

लॉन्ड्रीवालीने इस्त्रीच्या टेबलाखालची काठी ओढून काढली, तिच्या टोकाला नवऱ्याची ओली चड्डी अडकवली आणि मेलेला उंदीर न्यावा तशी, हात लांब धरून, मागच्या अंगणातल्या नळाखाली नेऊन टाकली. निळी चड्डी, बाजूला पांढरी पट्टी. या वयात पट्टी.

"हॉटेलच्या चादरींवर ठिबकत होती," ती म्हणाली. "पाहुण्यांनी काय तुमच्या अंगाचं पाणी पांघरून झोपायचं?"

म्हातारा दारात उभा होता. ओले केस मागे वळवलेले, खांद्यावर टॉवेल, चेहऱ्यावर कसलीशी शांती. ती शांती बघूनच तिच्या डोक्यात तिडीक जायची.

"अगं, आधी खोल श्वास घे. पोटातून."

"जन्मल्यापासून घेतेय. शिकवणी लावायची पाळी नाही आली माझ्यावर."

काउंटरवर शर्टांच्या घड्या घालणारी सून खाली मान घालून हसली.

नळ पूर्ण सोडून तिने चड्डी काठीनेच उलटीपालटी केली. कापडाच्या बाबतीत तिचं नाक सगळ्या गल्लीला माहीत होतं. ओला शर्ट नाकाशी नेला की साबण कुठला, कपाट कोंदट आहे का, घरात आजारी माणूस आहे का, सगळं सांगायची. पण ही चड्डी तिने कधी नाकाच्या आसपाससुद्धा येऊ दिली नव्हती. गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत साचलेलं ते हिरवं पाणी, त्यात डझनभर उघडी माणसं बुचकळणार, नाकं शिंकरणार, आणि तेच पाणी शोषून हे कापड तिच्या दोरीवर लोंबणार. विचारानेच तिच्या घशाशी यायचं.

म्हातारा जन्मभर गोदीत क्रेन चालवायचा. आख्खे ट्रक उचलून जहाजात ठेवलेला माणूस. मग छाती फाडून ऑपरेशन झालं आणि घरातल्यांनी त्याला काचेच्या भांड्यासारखा उचलून स्टुलावर ठेवला. सुनेने त्याच्या हातातली बादली काढून घेतली, मुलाने सायकल विकून टाकली. पाण्याचा पेलासुद्धा जागेवर यायचा. उशांच्या खोळी मोजायला दिल्या, तर त्याही सून मागाहून पुन्हा मोजायची. महिनोन्महिने तो त्या स्टुलावर बसून रस्त्याकडे बघत राहिला.

मग कुणा गिऱ्हाइकाकडून त्याला गार पाण्यात डुंबणाऱ्यांच्या टोळक्याचा पत्ता लागला. पहाटे जायचं, भात्यासारखे श्वास ओढायचे आणि खाणीत उतरायचं. म्हणे मन हलकं होतं. लॉन्ड्रीवाली तडक डॉक्टरकडे गेली होती. गार पाण्याचा धक्का त्यांच्या हृदयाला झेपायचा नाही, पाण्यात पाऊल टाकू देऊ नका, असं डॉक्टर स्वच्छ म्हणाले. तिने घरी येऊन ते सगळ्यांसमोर म्हाताऱ्याला ऐकवलं. दुसऱ्या दिवशी तो ओल्या केसांनी परत आला.

आणि घर बदललं. सून गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगू लागली, आमचे बाबा खाणीत पोहतात, तरण्याताठ्यांची दातखीळ बसते तिथे. एके दिवशी तिनेच त्याला हाक मारून पिळलेल्या कपड्यांची बादली गच्चीवर न्यायला सांगितली. मुलगा दुकानाची किल्ली त्याच्याकडे देऊन बाहेर जाऊ लागला. खोळी पुन्हा मोजणं बंद झालं.

लॉन्ड्रीवाली मात्र रोज नाक मुरडायची. पलंगावर बसून तो श्वासाची तालीम करायचा, तेव्हा त्याच्या नाकातून येणारी शिट्टी तिला ओकारीसारखी वाटायची. तो परतला की ती आधी त्याच्या ओठांकडे बघायची, निळे पडलेत का. नसले, की मग तोंड सोडायची.

त्या सकाळी पेपरवाला सांगून गेला, खाणीवर काल एक जण पाण्यातच गारठला, चौघांनी उचलून गाडीत घातला. सुनेने ते ऐकलं आणि म्हणाली, बाबांना काही होत नाही, ते कसलेले आहेत. हातातली इस्त्री लॉन्ड्रीवालीने पालथी ठेवली होती, हे टेबलावरचं फडकं करपल्यावर तिच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारा बाहेर पडल्यावर थोड्या वेळाने तीही निघाली. काय करायचं ते पक्कं होतं. चारचौघांत दंडाला धरून ओढत आणायचं. परत तोंड दाखवायची सोय ठेवायची नाही.

खाणीच्या कडेला पत्र्याची शेड होती. तिच्या आडोशाला उभं राहून तिने बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. पांढरीफटक पोटं, शहारलेल्या मांड्या, कुणाच्या पाठीवर केसांचं रान. डोक्यावर अंबाडा बांधलेला एक तरुण मधे उभा राहून सगळ्यांना श्वास ओढायला लावत होता, आणि ती शिकलीसवरलेली माणसं उन्हाने दमलेल्या कुत्र्यांसारखी तोंडं उघडून धापा टाकत होती. एकाच्या नाकाखाली शेंबडाचा धागा लोंबत होता आणि तो डोळे मिटून हसत होता. मग सगळे किंचाळत पाण्यात घुसले. हिरवी साय फाटली आणि कडेला येऊन चिकटली. जाहीर शौच बघितल्यासारखं तिने तोंड फिरवलं.

त्या डोक्यांमध्ये म्हाताऱ्याचं डोकं नव्हतं.

ती शेडच्या बाहेर यायला निघाली आणि तो दिसला. कपड्यांच्या ढिगाशेजारी, दगडावर बसलेला. खाली ती पट्टीची चड्डी, वर स्वेटर, गळ्याला मफलर. मांडीवर सगळ्यांचे चष्मे, घड्याळं, एक कवळीची डबी. एक बाई कुडकुडत पाण्याबाहेर आली आणि चाचपडत हात पुढे केला. त्याने बरोबर तिचाच चष्मा उचलून तिच्या हातात ठेवला, वर टॉवेल टाकला. अंबाडेवाल्याने जाता जाता त्याच्या खांद्यावर थाप मारली.

माणसं पांगली तसा तो उठून शेडमागच्या नळाकडे आला. लॉन्ड्रीवाली भिंतीला चिकटली. त्याने आजूबाजूला बघितलं, स्वेटर काढला, ओंजळभर पाणी डोक्यावर घेतलं. तेवढ्यानेही त्याचे खांदे कानांपर्यंत गेले. मग नुसत्या हाताने पाणी घेऊन त्याने चड्डी भिजवली, पुढून, मागून, नीट विचार करून. टॉवेल भिजवला, पिळला. स्वेटरच्या खिशातून कंगवा काढून केस मागे वळवले आणि डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला. चेहऱ्यावर ती शांती आणून बघितली.

नळाचं पाणी. इतके दिवस नळाचं पाणी तिच्या दोरीवर वाळत होतं आणि गल्लीभर मिरवलेल्या त्या नाकाला पत्ता नव्हता.

जवळच्या वाटेने ती त्याच्या आधी घरी पोचली.

म्हातारा आला तेव्हा ती कॉलरवरून इस्त्री फिरवत होती. तिने मान वर करून सवयीने त्याच्या ओठांकडे बघितलं.

"बाबा, आज कसं होतं पाणी?" सुनेने विचारलं.

"गार. हाडात शिरणारं."

सून लॉन्ड्रीवालीकडे वळली. आता सासूबाई सुरू होणार, म्हणून आधीच हसू दाबत. लॉन्ड्रीवालीने इस्त्री नीट उभी केली.

"परवाच एकाला उचलून नेला, तरी यांची खुमखुमी जात नाही," ती म्हणाली. "कुणाचं ऐकतील तर शपथ. बुड्या मारतात आणि घाण आणून माझ्या डोक्यावर वाळत घालतात. द्या इकडे ती चड्डी."

काउंटरवर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकापर्यंत ऐकू जावं इतका तिचा आवाज होता. म्हाताऱ्याने चड्डी पुढे केली, आणि त्याची नजर खाली गेली. तिच्या चपलांवर खाणीतली पांढरी भुकटी बसली होती. तो बराच वेळ त्या चपलांकडे बघत राहिला.

तिने टेबलाखालून काठी काढली, चड्डी टोकावर अडकवली आणि नाक मुरडत, हात लांब धरून अंगणात गेली. सून मागून हसली.

अंगणात पिळलेल्या चादरींची बादली काठोकाठ भरून ठेवली होती. लॉन्ड्रीवालीने दाराकडे बघितलं. वरच्या तीन जड चादरी उपसून तिने कपड्यांच्या रिकाम्या पाटीखाली झाकल्या, उरलेल्या फुगवून सारख्या केल्या.

मग तिने हाक मारली.

"अहो पोहणारे, ही बादली कोण नेणार वर? मी?"