उशिरा सांगितलेलं वळण

मी स्टिअरिंग बोलतेय. खऱ्या गाडीचं नव्हे हं! टेबलाच्या काठाला स्क्रूनं आवळलेलं, संगणकावरच्या शर्यतीचं. माझ्या पोटात एक मोटर आहे. पडद्यावरची गाडी खडीवर गेली की मी थरथरते, दगडावर आदळली की हातांना हिसका देते. थरथरणं हाच धंदा. त्यामुळे स्वभावानंही मी भित्री झाले असेन.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यातला. नागपूरच्या एका मुलानं मला काही दिवस फिरवलं, मग खोक्यात घालून विकलं. खोकं उघडलं ते वडसा गावात, रंजीताच्या घरी. तिचा पहिला स्पर्श अजून आठवतो. तळवे घामानं ओलेचिंब! माझ्याहून घाबरट कोणी असतं, हे तेव्हा कळलं.

रंजीता कॉलेज संपवून घरी होती. नव्या खेळांवर मत देणाऱ्या एका मराठी चॅनेलनं तिला सांगितलं होतं, "हा रॅलीचा खेळ खेळ आणि कॅमेऱ्यासमोर खरं मत दे. जमलं तर कायमची ठेवू." घरबसल्या काम! तिला वडसा सोडायचं नव्हतं.

आणि खेळ तरी केवढा! बर्फानं वाकलेली झाडं, चाकांमागे उठणारे धुळीचे लोट, कड्याखाली चमकणारी नदी. मलाही धडकी भरे. पडद्यावरच्या गाडीत शेजारी बसलेला सोबती पुढचं वळण ओरडून सांगतो. त्याच्या भरवशावर आंधळ्यासारखं धावायचं. पण पुलाआधीच्या वळणावर गाडी दरवेळी नदीत! इतर समीक्षक एकमुखानं म्हणत, "बिनचूक खेळ. भित्र्यांसाठी नाही." रंजीता ते वाचून पुटपुटायची, "मीच भित्री."

तिचे बाबा गुणवंतराव आमच्याकडच्या झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टर. रात्रभर विंगेतून नटांना वाक्यं पुरवायची, दुपारी झोपायचं. म्हणून ती हेडफोन लावून खेळे. एका दुपारी गाडी कोसळली, मी असा हिसका दिला की हेडफोनची पिन निसटली आणि सोबती घरभर ओरडला.

गुणवंतराव ताडकन उठून बसले. "कोण बोंबलून राह्यलं वं?"

"सोबती आहे, बाबा. तो वळण सांगते, मी गाडी वळवतो."

"म्हणजे प्रॉम्प्टरच ना!" त्यांची झोपच उडाली. "लाव बरं पुन्हा."

सोबती ओरडला. गाडी नदीत.

"अवं, हा तं उशिरा बोलून राह्यला! नट अडकल्यावर सांगून काय फायदा? आधी सांगा लागते."

"पण सगळे तं चांगला म्हणतेत."

"सगळेच पडले असतीन नदीत. लाजेनं बोलत नसतीन!"

मग त्यांनी तो रस्ता पाहून पाहून नाटकासारखा पाठ केला. सोबत्याचा आवाज बंद करून ते माझ्याशेजारी बसले. "पुढं डावा, आवळून... आता पूल, सरळ... उजवा, सैल सोड." काय तो आवाज! कुजबुजीएवढा, पण रस्ता त्याच्या मागोमाग उलगडत होता. पूल मागे पडला. मी थरथरत होते, पण ती थरथर भीतीची नव्हती. गाडी शेवटच्या रेषेपार गेली आणि रंजीता अशी किंचाळली, की आम्ही तिघंही दचकलो.

मत सांगायचा दिवस आला. कॅमेरा सुरू झाला. तिचे हात माझ्यावरच होते. "हा खेळ अद्भुत आहे. पण..."

अडकली. तळवे पुन्हा ओले. दाराआड गुणवंतरावांचे ओठ हलले, सवयच ती! पण त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक तोंडावर दाबून धरलं. तिनं दाराकडे पाहिलं. मग पुन्हा कॅमेऱ्याकडे.

"पण याचा सोबती वळणावर उशिरा बोलतो," ती म्हणाली. "चूक खेळणाऱ्याची नाही."

त्या व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं, "मीही तिथंच पडायचो. वाटायचं, मीच कच्चा." चॅनेलनं रंजीताला ठेवून घेतलं.

आता माझं रबर तिच्या अंगठ्यांखाली झिजलंय, डावीकडे वळताना कुरकुरतेही. तिचे तळवे अजून ओले होतात. त्यावरून मी ओळखते, आता "पण" येणार. माझं मागणं एवढंच. माझ्यावर हात ठेवणाऱ्याला पडायच्या आधी वळण सांगा. आणि सांगून झालं की गुणवंतरावांसारखं जरा गप्प राहा.