सासूबाईंच्या हाती सुकाणू

दुआर्नने या आमच्या बंदरगावातल्या त्या हिवाळ्यात शेडमध्ये इतकी थंडी होती की रेझिन, म्हणजे होडीकामाचा तो चिकट द्रव, घट्टच होईना. शेवटी माझ्या नवऱ्यानं, त्युग्दुआलनं, होडीचं अर्धवट सुकाणू स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवलं.

"आणि जेवायचं कुठे?" मी विचारलं.

"मांडीवर," तो म्हणाला.

फोमचा गाभा आम्ही दोघांनी पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केला. त्यावर कार्बन फायबरचं काळं कापड बसवून रेझिन चोपडलं. किती तरी दिवस आमच्या सूपलाही तोच वास येत होता.

सासूबाई शेजारीच राहायच्या. एके काळी त्या सासऱ्यांबरोबर मासेमारीला जात. ते गेल्यापासून मात्र त्यांनी होडीत पाऊल ठेवलं नव्हतं. तयार सुकाणू त्यांनी एका हातानं उचललं आणि त्या हसल्याच. "अरे, हे सुकाणू आहे की बिस्कीट?"

"मग आई, तुम्हीच चालवून बघा," मी म्हटलं.

वसंतात त्या खरंच होडीत आल्या आणि नव्या सुकाणूचा दांडा धरून बसल्या. खाडीबाहेर वारा वाढला, होडी कलली. त्युग्दुआल सुकाणूच्या दांड्याकडे धावला, तर त्यांनी त्याला कोपरानं बाजूला सारलं. एका हातानं, अगदी सहज, त्या होडी सरळ नेत होत्या.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "तुझ्या बापाला असं हलकं सुकाणू मिळालं असतं, तर मला रोज त्याचे खांदे चोळावे लागले नसते." मग हळूच, "पण मला ते आवडायचं रे."

तो उन्हाळा अजून आठवतो. परत फिरू या म्हटलं, की सासूबाईंना नेमकं ऐकू यायचं नाही.