वाढवलेला उतार

थोरल्या भावाच्या गेम पार्लरमधली पिनबॉल मशीनं, उतरत्या फळीवर पोलादी गोळी खाली पडू न देता खेळवायची, धाकटा दुरुस्त करायचा. रबर, बल्ब, स्प्रिंग, रोज काहीतरी बिघडायचंच. शेजारचे व्हिडिओ गेम मात्र बिनतक्रार चालायचे आणि दोन मिनिटांत पुढचं नाणं मागायचे.

“तुझ्या मशीनवर लोक एका नाण्यात अर्धा तास काढतात,” थोरला म्हणाला. “मशीनचे मागचे पाय उंच कर. उतार वाढला की गोळी लवकर पडेल, डाव संपेल.”

“दादा, खेळातली मजाच जाईल.”

“मजेवर दुकानाचं भाडं भागतं का?”

धाकट्यानं मनावर दगड ठेवून पाय उंचावले. महिन्याभरात नेहमीच्या खेळाडूंनी पाठ फिरवली.

“बघ, पिनबॉल कुणाला नकोच आहे,” म्हणत थोरल्यानं सगळी मशीनं भंगारात काढली. ती टेम्पोत चढवायला त्यानं धाकट्यालाच बोलावलं. त्यानंतर धाकट्याला तिथं कामच उरलं नाही.