‘हो’च्या चौकटीत

"फौजेतला डगला घाल ना," रत्नाबाई म्हणाल्या. "जजसाहेबांना दिसू दे तरी, कोणाला हाकलून राहिले ते."

"आई, प्लीज यार. ड्रामा नको." प्रफुल्ल आरशासमोर टायची गाठ तिसऱ्यांदा सोडत होता. "आणि बटणं लागत नाहीत त्याची. तुझा गोळाभात खाऊन."

"गोळाभात मिळाला नाही म्हणून तर वाळवंटातून काडी होऊन आला होतास."

खाली ईश्वरराव अर्ध्या तासापासून गाडी चालू करून बसले होते. पिस्कॅटवेहून नेवार्कचं इमिग्रेशन कोर्ट पाऊण तासावर. पण विमान चुकू नये म्हणून आदल्या दिवशी जाऊन विमानतळ बघून येणारा हा माणूस. आज मात्र वेळेवर पोचायची त्यांनाही घाई नसावी. रत्नाबाई गाडीत बसल्या तेव्हा ते स्वच्छच असलेली काच पुन्हा पुसत होते.

प्रफुल्ल सात वर्षांचा असताना ते नागपूरहून इथे आले. एकोणिसाव्या वर्षी, कॉलेजची सोय होईल म्हणून, तो अमेरिकेच्या फौजेत भरती झाला आणि वर्षाच्या आत आखाती युद्धावर गेला. तिथे ट्रक दुरुस्त करायचा. ग्रीन कार्डवर लढायला चालतं, मत द्यायला चालत नाही. परत आला तेव्हा रस्त्यातल्या झाडांना पिवळ्या फिती बांधलेल्या होत्या, आणि कधी नमस्कारही न करणाऱ्या शेजारणीने ॲपल पाय करून आणला. पुढच्याच वर्षी एका बारमध्ये कोणीतरी त्याला ‘इराकी’ म्हणालं, वर आपल्या देशात चालता हो म्हणालं. प्रफुल्लने त्याचं नाक फोडलं. तेव्हाचा वकील म्हणाला, गुन्हा कबूल कर, एक वर्षाची शिक्षा होईल पण स्थगित, एक दिवसही आत जावं लागणार नाही. खरंच लागलं नाही. घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले.

मग शहाण्णव साली कायदा बदलला. अशा मारामारीला वर्षाची शिक्षा झाली असेल, मग ती भोगलेली असो वा नसो, तर ती मारामारी आता भयंकर गुन्ह्यांत जमा झाली. आणि हे मागच्या सगळ्या वर्षांनाही लागू. न्यायाधीशाला दया दाखवायची मुभासुद्धा काढून घेतली. रत्नाबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. आणि नागरिकत्वाचा फॉर्म भरला तो रत्नाबाईंनीच.

दर रविवारी ओळखीतल्या हर्षिताच्या बेसमेंटमध्ये बुद्धवंदना होई. ती आटोपली की चहाचे कप घेऊन लोक आपापले सरकारी फॉर्म रत्नाबाईंपुढे धरत. त्या नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांची अंघोळ-पांघोळ करायच्या, शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पण कॅपिटल अक्षरं अशी काढायच्या की छापलीत वाटावं. नियम एकच. ज्या बाबासाहेबांनी घटना लिहिली, त्यांचं नाव घेणाऱ्याने सरकारी कागदावर खोटं लिहायचं नाही. कोणी वय चोरायला लागलं की त्या पेन खाली ठेवत. "आत्ताच पंचशील म्हटलंस ना? चौथं काय होतं, सांग बरं."

प्रफुल्लच्या फॉर्मवर प्रश्न आला: कधी अटक झाली आहे का?

"लीव्ह इट, आई," तो म्हणाला होता. "कोण बघतं?"

"मी बघते." त्यांनी ‘हो’च्या चौकटीत फुली मारली आणि वेगळा कागद जोडून तारीख, गाव, गुन्हा, शिक्षा, सगळं नीट लिहिलं. हर्षिता म्हणाली, "मावशी, तुमचे फॉर्म फ्रेम करून लावायला पाहिजेत."

सरकारने फ्रेम केला नाही, पण अक्षर न् अक्षर वाचला. सगळे शपथविधीच्या पत्राची वाट बघत होते. आली ती देशाबाहेर काढायची नोटीस.

कोर्टाच्या खोलीला खिडकी नव्हती. सरकारी वकील पोरगेलासा, त्याला सर्दी झालेली. प्रफुल्लच्या वकीलबाईंनी त्याच्या पदकाचे कागद आणि कॅप्टनचं पत्र पुढे ठेवलं. न्यायाधीश म्हातारे होते. त्यांनी प्रत्येक कागद सावकाश वाचला, आणि त्या सावकाशपणावरूनच रत्नाबाईंना निकाल कळला. नर्सिंग होममधले डॉक्टर आता काही करण्यासारखं उरलं नसलं की असेच सावकाश वाचत.

त्या उठून उभ्या राहिल्या. वकीलबाईंनी त्यांची बाही ओढली.

"सर," त्या आपल्या इंग्रजीत म्हणाल्या, "तो फॉर्म मी भरला. हा नको म्हणत होता. मीच खरं लिहिलं. खरं लिहिल्याची काही सूट असते का?"

सरकारी वकिलाचा रुमाल नाकाशीच राहिला. न्यायाधीशांनी चष्मा काढला.

"असायला हवी होती, मॅडम. तीन वर्षांपूर्वी हा माझ्यासमोर आला असता, तर मी त्याला तुमच्याबरोबर घरी पाठवलं असतं. आता ते माझ्या हातात ठेवलेलं नाही."

सगळं मिळून अकरा मिनिटं. वकीलबाई बाहेर येऊन म्हणाल्या, अपील करू, काही महिने मिळतील, त्याहून जास्त आशा धरू नका.

"आई, इट्स ओके," प्रफुल्ल म्हणाला. "तू बरोबरच लिहिलं होतंस."

"बरोबर लिहिलं! त्या बरोबरचं आता काय लोणचं घालू?"

तो हसला. त्यांना मात्र हसता आलं नाही.

परतीच्या वाटेवर प्रफुल्ल पुढे बसला, रत्नाबाई मागे. ईश्वरराव गाडी चालवत होते. मुलगा अठराचा व्हायच्या आत त्यांनी आणि रत्नाबाईंनी नागरिकत्व घेतलं असतं, तर तो आपोआप इथला झाला असता. पण ते दरवर्षी म्हणत, परत तर जायचंच आहे, कशाला? हे वकीलबाईंनी सहज सांगितलं होतं. घरात पुन्हा कोणी त्याचा उच्चार केला नव्हता.

"बाबा," प्रफुल्ल म्हणाला, "नागपूरला एकनाथमामा स्टेशनवर येईल? की कॅब घ्यायची?"

ईश्वररावांनी घसा साफ केला. "कॅब कशाला? रिक्षा कर. बाहेर निघालास की कामठी रोड. कडबी चौक गेला की इंदोरा." त्यांचा आवाज हळूहळू मोकळा होत गेला. "कोपऱ्यावर कडुनिंबाचं मोठं झाड आहे. त्याच्याखाली सायकलवाला बसतो. माझं नाव सांग, मामाच्या दारात आणून सोडेल तो."

"लिहून घेऊ?"

"लिहायचं काय त्यात? झाड लांबूनच दिसतं."

दोन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाला रत्नाबाई एकट्याच नागपूरला जाऊन आल्या होत्या. रस्ता रुंद झाला होता. झाड नव्हतं. सायकलवाल्याचं काय झालं, ते नव्या दुकानांत कोणालाच सांगता आलं नव्हतं. परतल्यावर ईश्वररावांनी विचारलं नाही, म्हणून त्याही बोलल्या नव्हत्या.

"मग?" प्रफुल्ल विचारत होता. "झाडानंतर?"

"मग..." ईश्वरराव अडखळले. समोरच्या आरशातून त्यांनी मागे पाहिलं. "उजवीकडे का गं, रत्ना?"

बाहेर टर्नपाइक हायवेच्या कडेने तेलाच्या टाक्या एकामागून एक मागे पडत होत्या. रत्नाबाईंनी पदर सारखा केला.

"डावीकडे," त्या म्हणाल्या. "झाडापासून डावीकडे."