बाकीसच्या नशिबी आलेली बाजू

गोनारियाने बाकीसला मुदत दिली ती गुरुवारी, औषधाच्या दुकानात, खोकल्याची बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता.

"रविवारी संत मियालीचा उत्सव आहे," ती म्हणाली. "सायंकाळपर्यंत मला विवाहाची तारीख सांगावीस. अन्यथा सोमवारी मी ओल्बियाला जाईन. तेथील औषधालयात एक जागा रिक्त आहे."

हे तिने इटालियनमध्ये सांगितलं, त्यामुळे ते ग्रामपंचायतीच्या नोटिशीसारखं वाटलं. बाकीसनेही त्याच थाटात उत्तर दिलं. "निवेदन समजले," तो म्हणाला, आणि बाटली काउंटरवरच विसरून खोकत बाहेर पडला.

बाकीस मुखदुर्बळ होता असं कुणी समजू नये. रोज पहाटे तो दुधाची टाकी लावलेला ट्रक घेऊन मोन्तेल्वेच्या डोंगरातल्या वाड्या पालथ्या घालायचा, मेंढ्यांचं दूध गोळा करून चीजच्या कारखान्यात पोचवायचा, आणि वाटेत भेटणाऱ्या एकूण एक माणसाला, कुत्र्याला आणि मेंढीला सार्दूत ऐकवायचा. सार्दू ही आमच्या बेटाची भाषा. तिच्यात दाराला रोमन लोकांनी दिलेलं नाव आहे आणि खिडकीला स्पॅनिश लोकांनी, पण शिव्या सगळ्या घरच्या आहेत. मध्यंतरी कुणी प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन आले आणि सार्दू ही लॅटिनची सगळ्यात जवळची लेक आहे असं सांगून गेले. तेव्हापासून बाकीस मेंढ्यांना हाकलतानाही छाती पुढे काढायचा.

आणि सार्दूत तो नुसता बोलघेवडा नव्हता, कवी होता. उत्सवाच्या मंचावर उभं राहून जागच्या जागी आठ आठ ओळींची कवनं रचणारा. जिल्ह्यात त्याच्या तोडीचा एकच माणूस होता, त्सिऊ रेमुंदू. वय एक्काहत्तर, धंदा चांभाराचा, आणि जन्मभर अविवाहित. त्सिऊ म्हणजे काका, पण रेमुंदूला त्याच्याहून मोठे लोकही त्सिऊच म्हणत.

मग गोनारियासमोर या वाघाची शेळी का व्हायची? कारण तिच्याशी तो इटालियन बोलायचा. आमच्याकडे रीतच तशी पडलेली. सार्दू दोस्तांसाठी, जनावरांसाठी, म्हाताऱ्यांसाठी आणि बोटावर हातोडी बसली की त्या क्षणासाठी. चांगल्या घरच्या मुलीशी बोलायचं तर इटालियन. ज्या भाषेत माणसाशी पहिलं वाक्य बोललं, ती भाषा मग लग्नाच्या नवऱ्यासारखी गळ्यात पडते, सुटत नाही. बाकीसने चौदा वर्षांपूर्वी काउंटरवर झुकून पहिलं वाक्य म्हटलं होतं, "सुप्रभात कुमारी, डोकेदुखीवर काही उपाय आहे का?" आणि तिथेच तो अडकला. बोटावर मोजण्याइतकी वाक्यं त्याच्याकडे होती. आज हवामान अनुकूल आहे. भोजन झाले का? न्हाणीघराला फरशी निळी बसवावी की हिरवी?

फरशीचं प्रकरण गावाला पाठ होतं. घर बांधून झाल्याशिवाय लग्न नाही, हीही रीतच. बाकीसने खालचा मजला सहा वर्षांत उभा केला, वरचा सात वर्षांत, आणि मग न्हाणीघरापाशी गाडं थांबलं. दर गुरुवारी त्याचा फरशीचा प्रश्न, दर गुरुवारी तिचं "विचारांती कळवते". लोक त्या घराकडे बोट दाखवून पोरांना सांगत, नीट वाग, नाहीतर तुझंही असंच होईल.

पण या खेपेला बाकीसने मनाशी ठरवलं होतं. गोनारिया ओल्बियाला गेली तर गुरुवार उरेल, पण गुरुवारी जायला ठिकाण उरणार नाही, हे त्याला कळत होतं. उत्सवाचा कार्यक्रम संपला की सरळ तिच्यापुढे जायचं आणि म्हणायचं, सप्टेंबर महिन्याचा तिसरा शनिवार. एवढे चार शब्द तो इटालियनमध्ये तीन दिवस ट्रकमध्ये घोकत होता.

रविवारी रानातल्या देवळापाशी सगळा गाव लोटला. कोकराचं मटण बटाटे-कांद्यासकट उकळून झालं, रोट्यांचे पापडासारखे कडक थर फस्त झाले, लाल वाइनचे पिंप अर्ध्यावर आले, आणि सावल्या जरा लांबल्यावर दोन्ही कवी मंचावर चढले. मागे सुरावट धरणारे चौघे घोळका करून उभे राहिले, एकेक हात कानावर ठेवून. कवीचं कवन संपलं की हे चौघे छातीतून असा काही घुमारा काढतात की बाकांवरच्या म्हाताऱ्यांचे दात वाजतात.

गोनारिया पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

उत्सव समितीच्या अध्यक्षाने टोपी पुढे केली. टोपीत दोन चिठ्ठ्या, एकाच वादाच्या दोन बाजू. जी बाजू निघेल ती लढवायची, मग ती मनाला पटो न पटो. हा नियम मोडणाऱ्याला पुन्हा मंच नाही. रेमुंदूने चिठ्ठी उघडली आणि त्याच्या भुवया डोक्यावरच्या टोपीत शिरल्या.

"संसार!" अध्यक्षाने वाचून दाखवलं.

चारशे माणसं एकदम हसली. जन्माचा सडाफटिंग रेमुंदू आता लग्नाची बाजू मांडणार होता. बाकीसही हसला. मग त्याच्या लक्षात आलं की टोपीत उरलेल्या चिठ्ठीत काय असणार, आणि हसू ओठावरच वाळलं.

"एकटेपणाचं सुख!" अध्यक्ष ओरडला. विषय कुणी सुचवला होता ते पुढे कुणीच कबूल केलं नाही, पण पाद्रीबाबा त्या वेळी फार बारकाईने आपले बूट पाहत होते.

रेमुंदूने सुरुवात केली, आणि म्हातारा असा सुटला की जणू पाच संसार करून बसलाय. कवनाचा शेवट असा:

दमून यावं, दार उघडावं,
कुणी म्हणावं, हात धुऊन घे;
एकट्याला पुसतं कोण?
मांजर म्हणतं, आधी मला दे!

घुमारा उठला. बायकांनी डोळे पुसले. आता बाकीसची पाळी. त्याने मुद्दाम नमतं घेतलं. एकटं राहणं बरं असतं, वाराही बरा असतो, पाऊसही बरा असतो, असं काहीतरी आठ ओळी मिळमिळीत पुटपुटला. मागचे चौघे घुमारा विसरून एकमेकांकडे बघू लागले. कुणीतरी शिट्टी मारली.

"काय रे ए," रेमुंदू त्याच्या कानाशी फिस्कारला. "मला फुकटचं जिंकवतोस? म्हातारा झालो म्हणून दान घालतोस व्हय? चारचौघांत?"

"त्सिऊ, तसं नाही. समोर ती बसलीय."

"ती बसू दे नाहीतर उभी राहू दे. मी लग्नाची तारीफ करतोय, मी! घशाला कोरड पडलीय माझ्या. आणि तू वारा-पाऊस करतोस? लढ, नाहीतर उद्यापासून तुझे बूट शिवायचा नाही."

यावर बाकीस काय करणार? रेमुंदूने पुढचं कवन टाकलं, आजारपणात कपाळावर हात ठेवणाऱ्या बायकोचं, आणि चौघांनी असा घुमारा दिला की बाकीसच्या पायाखालच्या फळ्या थरथरल्या. तो घुमारा अंगात शिरला की बाकीसचं स्वतःवर काही चालत नसे. जीभ आपोआप सुटली, आणि कवनाच्या शेवटी आलं:

ऐसपैस पलंग, उशा माझ्या दोन,
घोरलो तर मला टोचणार कोण?
चीज सगळं माझं, सालीसकट खातो,
मोजे जिथे वाटेल तिथे टाकून देतो!

बाकांवरचे नवरे उभे राहिले. शेवटी निकाल कुणी जाहीर करत नाही, टाळ्यांवरून काय ते कळतं, आणि टाळ्या आता बाकीसकडे धावत सुटल्या होत्या. त्याने डोळे मिटून घेतले होते, म्हणजे पहिली रांग दिसायला नको. सासूवर एक झालं, रविवारच्या मेजवान्यांवर एक झालं, आणि मग ती ओळ आली. कुठून आली ते संत मियालीला ठाऊक.

फरशी निळी की फरशी हिरवी, चौदा वर्षं चाललं;
एकटा गडी ओढ्यात न्हातो, त्याचं काय अडलं!

हास्याचा असा स्फोट झाला की देवळामागे बांधलेली गाढवं ओरडू लागली. एक म्हातारी हसता हसता बाकावरून घसरली. रेमुंदूने टोपी काढून बाकीसपुढे मान तुकवली, म्हणजे हार मानली. बाकीसने डोळे उघडले. गोनारियाही हसत होती, इतकी की डोळ्यांतून पाणी येत होतं. चौदा वर्षांत तिला असं हसताना त्याने पाहिलं नव्हतं. मग ती उठली, पर्स काखेत मारली आणि मंचाच्या पायरीपाशी येऊन उभी राहिली.

"अभिनंदन," ती इटालियनमध्ये म्हणाली. "मी संपूर्ण वादविवाद लक्षपूर्वक ऐकला. तुझे म्हणणे मला पटले आहे. एकटे राहणेच श्रेयस्कर. मी उद्याच ओल्बियाला जाते."

आणि ती चालू लागली.

बाकीस धावला. मागून लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते, हातात पेले कोंबत होते. तिच्या गाडीपाशी त्याने तिला गाठलं, तोंड उघडलं, आणि घोकलेल्या चार शब्दांतला एकही जागेवर नव्हता.

"थांब," तो म्हणाला. "हवामान... म्हणजे... माझे असे अभिप्रेत होते की..."

"काय अभिप्रेत होते?"

"भोजन झाले का?"

गोनारियाने गाडीचं दार उघडलं.

"अरे बैला!" मागून रेमुंदू ओरडला. तो पेला घेऊन मजा बघायला आला होता, आणि त्याच्यामागे अर्धा गाव. "वर बोलत होतास तसं बोल की!"

"तिच्याशी? सार्दूत?" बाकीस हादरला. "ती काय मेंढी आहे का?"

"मेंढ्यांना 'माझी राणी, माझी पोर' करतोस ते अख्ख्या डोंगराने ऐकलंय. तिच्याशी फक्त फरशीचं बोललास. आता तूच सांग, मेंढी कोण!"

बाकीसने टोपी काढली आणि ती हातात पिळली. मागे घुमारा नव्हता, कुणी बाजू ठरवून दिली नव्हती, आणि आठ ओळी सोडा, एक ओळही जुळत नव्हती.

"गोनारिया," तो सार्दूत म्हणाला. "मी घाबरतो गं. फरशीबिरशी काही नाही. घर पुरं झालं की तू आत येशील, आणि आत मीच असेन. इतकाच. दूधवाला. सगळं छान छान मी मंचावर बोलून टाकतो, घरी काही उरत नाही. तू गेलीस तर मी मरायचा नाही, पण मग माझं कशातच मन लागायचं नाही. जाऊ नकोस ना."

गोनारियाचा चेहरा हळूहळू लाल झाला. तिने पर्स गाडीच्या टपावर आपटली.

"मुडद्या!" ती म्हणाली. सार्दूत. तेही वरच्या डोंगरातल्या, तिच्या आजीकडच्या सार्दूत, जी ऐकून खाटीकही खाली बघतात. "चौदा वर्षं! चौदा वर्षं मी त्या काउंटरमागे शिक्षणखात्याच्या बाईसारखी बोलतेय तुझ्याशी! तू इटालियन झाडलंस, मला वाटलं, याला घरचं बोलणं कमीपणाचं वाटतं, आपण गावंढळ दिसू नये. रात्री आरशापुढे वाक्यं पाठ करायचे मी, वाक्यं! 'विचारांती कळवते'! अरे, मला त्या फरशीचं काय पडलंय? शेण सारव तिथे! माझ्या बापाने 'हा माणूस मुका आहे का' म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, नाही हो, विचारवंत आहे! आणि हा भोपळा मंचावर चढून मोज्यांची गाणी गातोय!"

सुरावटीचा म्होरक्या सवयीने कानावर हात नेत होता, बायकोने तो खाली ओढला. गोनारिया त्याच्या टोपीवर बोलली, ट्रकवर बोलली, विसरलेल्या खोकल्याच्या बाटलीवर बोलली, त्याच्या घराण्यातल्या तीन पिढ्यांच्या आळसावर बोलली. एकही शब्द दोनदा आला नाही. रेमुंदूच्या हातातला पेला तसाच राहिला.

"जिल्ह्यात दुसरा नंबर माझा समजत होतो," तो शेजाऱ्याला हळूच म्हणाला. "तिसरा दिसतोय."

अखेर तिचा श्वास संपला. गाडीला टेकून ती धापा टाकू लागली.

"तारीख!" ती म्हणाली.

बाकीसने वळून गर्दीत पाद्रीबाबांना शोधलं. "येता शनिवार मोकळा आहे का, बाबा?"

"नसला तर करतो," पाद्रीबाबा घाईघाईने म्हणाले.

"शनिवार," बाकीस म्हणाला. तो अजून जागचा हलला नव्हता. घामाघूम झाला होता, आणि तोंड मात्र कानापर्यंत हसत होतं. या बाईला आपण आजवर भेटलोच नव्हतो, असं त्याला वाटत होतं, आणि तिची त्याला भयंकर भीती वाटत होती, आणि तिच्यापासून चार पावलंही लांब जायची त्याची इच्छा नव्हती.

"असा काय बघतोस ठोंब्यासारखा?" गोनारिया म्हणाली. "बोल की आता."

"नाही गं," बाकीस म्हणाला. "मी खूप बोललोय. तू बोल. मोज्यांवर अजून काही राहिलंय का बघ."

राहिलं होतं.