एक अतिशय सभ्य पत्र

“तुम्ही लपला होतात, तेव्हा टॉयलेटला कुठे जायचात?”

हॉलभर खसखस पिकली! मागच्या रांगेत मुक्ताच्या मैत्रिणींनी, ईफा आणि स्वरूपाने, स्वेटरची बाही तोंडात कोंबली. पैज त्यांचीच होती, ‘विचारून दाखव!’ आणि वादविवाद स्पर्धा जिंकल्यापासून आमच्या मुक्ताला माईक दिसला की राहवतच नसे.

परदेशातल्या ल्यूकन गावातल्या त्या शाळेत सेल्मा नावाच्या एकोणनव्वद वर्षांच्या बाई आठवणी सांगायला आल्या होत्या. हिटलरच्या काळात त्या हॉलंडमधली सहा वर्षांची ज्यू मुलगी होत्या. एका बेकरी चालवणाऱ्या कुटुंबाने त्यांना माळ्यावर एकोणीस महिने लपवलं होतं.

टीचर लाल झाल्या. सेल्माबाई मात्र हसल्या. “चला, कुणीतरी विचारलं एकदाचं! बादलीत. ती बादली रोज सकाळी बेकरची मुलगी ग्रीत खाली न्यायची. अकरा वर्षांची पोर! वर बटाट्याची सालं पसरायची आणि शेजाऱ्यांसमोरून गुणगुणत जायची. तुम्हाला कुणी वाचवलं असं मला विचारतात ना, तर तिने.”

आता कुणी हसत नव्हतं.

“माझा भाऊ दोन गल्ल्या पलीकडे एका शिंप्याकडे लपला होता. तिथेही अशीच बादली. शेजाऱ्यांनी नगरपालिकेला पत्र लिहिलं. अतिशय सभ्य पत्र. ‘या घरात क्षमतेपेक्षा जास्त माणसं असावीत, गटाराला वास येतो, कृपया पाहणी व्हावी.’ ज्यू हा शब्द त्यात कुठेच नव्हता.” त्या पाणी प्यायल्या. “पाहणी झाली. तो चार वर्षांचा होता.”

मुक्ताने दप्तर पायाशी ओढलं. तिच्या दप्तरात एक पत्र होतं! त्यांच्या वसाहतीजवळच्या, म्हणजे एस्टेटजवळच्या, बंद हॉटेलात सरकार परदेशातून आश्रयाला आलेली कुटुंबं ठेवणार होतं. ती नकोत, म्हणून रहिवाशांचं निवेदन. “आमची मुक्ता लिहील, तिचं इंग्लिश एकदम ग्रँड!” असं बाबांनी हौसेने सांगितलं होतं. आणि तिने लिहिलं होतं, ‘एस्टेटच्या ड्रेनेजची क्षमता लक्षात घेता…’ माणसांचा उल्लेखच नको, ही आयडिया तिचीच! आज सातच्या मीटिंगमध्ये ते तीच वाचणार होती.

कार्यक्रम संपल्यावर ती सेल्माबाईंच्या खुर्चीपाशी गेली. “मीपण तसं पत्र लिहिलंय,” ती कशीबशी म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं.

“ड्रेनेजची काळजी खरंच होती तुला?”

“नाही.”

“मग?”

“सगळ्यांना आम्ही आवडावं, असं वाटत होतं.”

“त्या शेजाऱ्यांनाही तसंच वाटलं असेल गं. वाईट नव्हते ते. युद्धाआधी माझ्या आईला अंडी द्यायचे.”

“आता मी काय करू?”

“मला काय विचारतेस? माईक तुझ्या हातात आहे!”



घरी बाबा, म्हणजे नंदकुमार, बूट घालून तयारच होते. “चल गं वक्ते! एकसष्ट सह्या झाल्यात!”

“बाबा, मी ते वाचणार नाही.” आणि तिने दारातच शाळेतलं सगळं सांगितलं.

“अगं, दहा वर्षांनी आता कुठे या देशातले लोक आपल्याला आपलं म्हणायला लागलेत! आणि ते आणि हे सारखं आहे का?”

“नाही, सारखं नाही. पण पत्र सारखं आहे.”

आई कप विसळत होती. तिने नळ बंद केला. “नंदू, पहिल्या वर्षी त्या भाड्याच्या घरात आपण किती जण होतो?”

बाबांनी गाडीची किल्ली उचलली.

“अकरा,” आईनेच सांगितलं. “एक बाथरूम. शेजारची म्हातारी सकाळी आपल्याला तिच्याकडे अंघोळीला बोलवायची. तिनं पत्र लिहिलं असतं तर?”

बाबा पायरीवर बसले.  “माझी सही पहिली आहे गं त्यावर,” ते हळूच म्हणाले.

वाचकहो, अन्याय दर वेळी आरडाओरडा करत येत नाही. कधीकधी तो ‘कृपया’ लिहून येतो, आणि आपण हुशार मुलं तो सुवाच्य अक्षरात लिहून देतो! सही करण्याआधी एकदा तरी विचारा, यातली माणसं कुठे गेली?

मुक्ताने जॅकेटची चेन लावली.

“आई, बाबा, ऐका. मी मीटिंगला जाणार आहे. माईकही घेणार आहे. हे पत्र मी लिहिलं, ड्रेनेजचं कारण खोटं होतं आणि मला त्याची लाज वाटते, असं सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुम्ही आलात तर गाडीने जाऊ. नाहीतर मी चालत निघाले!”