दोघींचं मीठ

संध्याकाळच्या पाळीचं कालवण असं खारट झालं होतं की पहिल्या टेबलावरचा फिटर घास तोंडात धरून नुसता बघतच राहिला. मग भराभर ताटं परत यायला लागली आणि कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एकच बोंब झाली.

घोळ कसा झाला ते ऐका. स्वयंपाकघरात बायका दोनच. आपा मुसलमान, ताई बौद्ध. आपाचे रोजे चालू, म्हणून महिनाभर चव बघायचं काम ताईचं. पण आज पडली पौर्णिमा. पौर्णिमेला ताई अष्टशील पाळायची, म्हणजे दुपारी बारानंतर घास सोडा, चमचाभर रस्साही जिभेला लावायचा नाही. दोघींच्या तोंडाला कुलूप! आपाला वाटलं, ही पोरगी बिचकत बिचकत मीठ कमीच घालणार. ताई कांदे चिरत होती तेवढ्यात आपाने गुपचूप मूठ सोडली. ताईला वाटलं, आपाच्या पोटात पहाटेपासून पाणी नाही, तिच्या कुठलं लक्षात राहायला. तिनेही सोडली. ताटं परत आली तेव्हा दोघींना एकमेकींची मूठ कळली. एकमेकींची काळजी घ्यावी, पण किती!

मॅनेजरसाहेबांनी ताईला एकटीलाच आत बोलावलं. आवाज इतका गोड, की तिला तिथेच शंका आली. साहेब म्हणाले, दोघींतल्या एकीला कमी करायचं वरून आलंच आहे. चूक त्या बाईची, एवढं बाहेर सगळ्यांसमोर सांगा, तुमची नोकरी पक्की. तुम्ही लोक कसे शांत. यांचं मेलं महिनाभर उपासाचं नाटक, आणि भोगायचं इतरांनी.

ताईच्या घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, घर चालायचं ते हिच्याच पगारावर. खोटं बोलणार नाही असं तिने सकाळीच शील घेताना म्हटलं होतं. पण खरं सांगायचं तर शील आठवायच्या आधी तिला राग आला. असा राग, की कानशिलं तापली.

"आज माझाही उपास आहे, साहेब," ती म्हणाली. "तो नाही खुपला तुम्हाला?"

तुमचं वेगळं, असं काहीतरी साहेब पुटपुटले. ते ऐकायला ती थांबलीच नाही. तडक बाहेर आली आणि भरल्या कॅन्टीनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एक मूठ आपांची, एक माझी. काढायचं तर दोघींना काढा."

आपाने तिचं कोपर धरून ओढलं. माझा मुलगा कमावता आहे, घे माझं नाव आणि मोकळी हो, असं तिचं चाललेलं. "वेडे, नवऱ्याचं औषध कुठून आणशील?"

"तुमच्यावर ढकलून आणलेलं औषध त्यांच्या घशाखाली उतरायचं नाही, आपा."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. मग दोघीही चालत्या व्हा, ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता, आणि दाराकडे बोट केलं.

सूर्य मघाशीच मावळला होता. या तमाशात आपाचा रोजा सुटायचा राहिला होता, आणि ते कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. ताईने आपाला समोरच्या बाकावर बसवलं, पेला काठोकाठ भरून तिच्या हातात दिला आणि साहेबांकडे वळली.

"आधी यांचा रोजा सुटू दे," ती म्हणाली. "तोवर थांबा."

आपाने ओठांतल्या ओठांत दुआ म्हटली आणि ती घोटाघोटाने पाणी प्यायली, मुळीच घाई न करता. सगळं कॅन्टीन थांबलं होतं. साहेबही थांबले.